ऑपरेशनआधी मुलाच्या पोटाची सोनोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे. माझं बहुतेक काम लहान मुलांचं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आई-बाबांना भेटते तेव्हा, आणि मग रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. शेवटाकडचे काही प्रश्न भूलशास्त्र शिकणाऱ्या डॉक्टरांचे आहेत. पालकांनी ते सोडून दिले तरी चालेल. एक आधीच सांगते: हे वाचून मुलाच्या उपाशी राहण्याच्या वेळा स्वतः ठरवू नका. त्या तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील.

१. ऑपरेशन हाताचं आहे. मग पोटाची सोनोग्राफी कशाला?

कारण भूल हाताला नाही, सगळ्या मुलाला दिली जाते. जागेपणी घशाशी काही आलं की आपण खोकतो, गिळतो, ठसका लागतो. पूर्ण भुलीत ही राखण झोपलेली असते. पोटात अन्न किंवा आंबट पाणी असेल तर ते अन्ननलिकेतून वर येऊन श्वासनळीत उतरू शकतं. याला आम्ही ॲस्पिरेशन म्हणतो. घन तुकडा असेल तर श्वासाची वाट अडते, ॲसिड असेल तर फुप्फुस आतून भाजल्यासारखं होतं.

मुलांमध्ये हे क्वचित घडतं, दर दहा हजार भुलींमागे साधारण दोन ते दहा वेळा, आणि त्यातली बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. पण ज्याच्या बाबतीत घडायचं ते भूल चढताना एखाद्या मिनिटात घडतं. म्हणून त्या मिनिटाच्या आधी पोटात काय आहे हे कळलेलं बरं.

२. उपाशी ठेवताच ना? मग सोनोग्राफी वेगळं काय सांगते?

उपाशी ठेवणं हा घड्याळाचा हिशेब आहे. 'सहा तास झाले, म्हणजे पोट रिकामं असणार' असा तो अंदाज. धडधाकट मुलाच्या ठरलेल्या ऑपरेशनमध्ये हा अंदाज बहुधा बरोबर येतो, आणि तिथे सोनोग्राफीची गरजही नसते. पण हात मोडलेल्या, पोटात दुखणाऱ्या, उलट्या होणाऱ्या मुलाचं जठर घड्याळ पाहून काम करत नाही. शिवाय मुलाने शेवटचं कधी आणि काय खाल्लं हे कोणालाच नक्की ठाऊक नसतं, असंही होतं. आई म्हणते आठला, बाबा म्हणतात साडेनऊला, आजी काहीच म्हणत नाही. अशा वेळी अंदाज बांधत बसण्यापेक्षा आत डोकावलेलं बरं.

उपाशी ठेवण्याचा धाक मुळात आला बाळंतिणींकडून. न्यूयॉर्कचे कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ बाळंतपणांचा आढावा छापला. त्यात भुलीखाली ॲस्पिरेशन झालेल्या ६६ बायका होत्या. तेव्हाची भूल मास्कवर दिली जायची, साधनं साधी होती. पण 'रात्री बारानंतर काही नाही' हा शिरस्ता पुढे कित्येक दशकं टिकला, आणि लहान मुलांनाही सरसकट लागू झाला.

३. मग नेमकं किती तास उपाशी ठेवायचं?

जगभर आकडे थोडे वेगळे आहेत. अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेचे आकडे असे: पाण्यासारखं पातळ पेय २ तास, आईचं दूध ४ तास, पावडरचं किंवा गाई-म्हशीचं दूध ६ तास, हलकं खाणं ६ तास, तळलेलं-तुपकट असेल तर ८ तास. युरोपने २०२२ मध्ये मुलांसाठी ते सैल केले: पाणी १ तास, आईचं दूध ३ तास, पावडरचं दूध ४ तास, जेवण ६ तास.

स्वीडनमध्ये उप्साला इथे तर मुलांना थिएटरमधून बोलावणं येईपर्यंत पाणी पिऊ देत. तिथल्या १०,०१५ मुलांचा अहवाल २०१५ मध्ये आला, त्यात ॲस्पिरेशन झालेली मुलं तीन. पाण्याच्या बाबतीत आपण उगाच कडक होतो, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

तुमच्या रुग्णालयाचा आकडा यांपैकी कोणताही असेल. तोच पाळा. दोन नियमांची सरासरी काढू नका.

४. 'पाण्यासारखं पातळ' म्हणजे काय काय चालतं? पेज चालते का?

पेज चालत नाही. हा प्रश्न इतका येतो की उत्तर आधी लिहून टाकलं.

पेल्यात ओतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं तर ते पातळ पेय, ही जुनी आणि चांगली कसोटी. साधं पाणी, साखरपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, ओआरएस, दूध न घातलेला कोरा चहा हे यात बसतं. मलई नसलेलं गाळलेलं नारळपाणी बहुतेक ठिकाणी चालतं. भाताची पेज, डाळीवरचं पाणी, नाचणीचं सत्त्व, ताक, गर असलेला रस हे सगळं 'पातळ' वाटलं तरी जठराच्या लेखी जेवण आहे. ताकाबद्दल पालक वाद घालतात, 'डॉक्टर, अगदी पाणीदार केलं होतं'. पाणीदार असलं तरी ते दुधाचंच.

तीर्थाचं विचाराल तर: तुळशीचं पाणी चमचाभर असेल तर पाणी. पंचामृत असेल तर त्यात दूध, दही, तूप, मध, साखर असं सगळं आलं. सांगताना 'नुसतं तीर्थ दिलं' असं न सांगता कोणतं ते सांगा.

५. दुखतं का? किरणांचा त्रास होतो का? किती वेळ लागतो?

दुखत नाही. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, एक्स-रेसारखे किरण नसतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा केली तरी अडचण नाही. जेल गार लागतं. आम्ही बाटली आधी तळहातात धरून कोमट करतो. सवयीच्या हाताला दोन ते पाच मिनिटं पुरतात.

६. माझी मुलगी डॉक्टर दिसले की किंचाळते. रडताना सोनोग्राफी होते का?

होते, पण नीट होत नाही. रडताना मूल हवा गिळतं, आणि हवा हा ध्वनिलहरींचा शत्रू. पडद्यावर हवेमागे सगळं पुसट होतं. म्हणून मी आईच्या मांडीवरच सुरुवात करते. आई टेकून बसते, मूल तिच्या छातीशी पाठ लावून, मोबाइलवर गाणं, आणि प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) हळूच बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वरच्या खळग्यात. उजव्या कुशीवर वळवणं हा पुढचा टप्पा (का ते पुढच्या प्रश्नात). काही मुलं 'तुझ्या पोटात बेडूक आहे का बघू' एवढ्यावर वळतात. काही कशालाच वळत नाहीत, मग अर्धवट बसलेल्या स्थितीत जे दिसेल त्यावर भागवतो आणि निष्कर्ष जपून काढतो.

७. पडद्यावर तुम्हाला नेमकं काय दिसतं?

आम्ही सगळं जठर बघत नाही, त्याचा शेवटचा, आतड्याकडे जाणारा भाग बघतो. त्याला अँट्रम म्हणतात. तो त्वचेपासून जवळ असतो आणि जवळजवळ प्रत्येकात सापडतो. प्रोब उभा धरला की पडद्याच्या एका बाजूला यकृताचा डावा भाग येतो, मागे स्वादुपिंड, त्यामागे धडधडणारी महाधमनी, आणि या सगळ्यांच्या मध्ये अँट्रम, आडव्या कापलेल्या नळीसारखा.

रिकामा अँट्रम चपटा किंवा गोल टिकलीसारखा दिसतो. भोवती स्नायूचं काळं कडं, आत पांढुरका ठिपका. आम्ही त्याला बैलाचा डोळा म्हणतो. पाणी प्यायलेल्या मुलाचा अँट्रम फुगलेला आणि आतून काळा असतो. नुकतंच घटाघटा प्यायलं असेल तर त्या काळ्यात हवेचे बारीक पांढरे बुडबुडे चमकत फिरतात, अगदी अमावास्येच्या आभाळासारखे. दूध असेल तर आत करडं-पांढरं, फाटल्यावर गुठळ्यांचं. नुकतंच जेवण झालं असेल तर अन्नाबरोबर गिळलेली हवा पुढे येते आणि काचेवर वाफ धरावी तसा पांढरा पडदा. मागचं काही दिसत नाही. तासा-दोन तासांनी हवा निघून गेली की आतला लगदा दिसतो.

उताणं आणि मग उजव्या कुशीवर, असं दोनदा का बघतो? उजव्या कुशीवर वळलं की जठरातलं पाणी उतारावरून अँट्रमकडे येतं. दोन्ही स्थितींत रिकामं दिसलं तर दर्जा शून्य. फक्त कुशीवर थोडं पाणी दिसलं तर दर्जा एक. एवढं पाणी उपाशी माणसातही असतंच. दोन्हीकडे पाणी दिसलं तर दर्जा दोन, म्हणजे सावध राहायचं. ही प्रतवारी टोरांटोच्या अनाही पर्लास आणि सहकाऱ्यांच्या कामातून आली आणि आता सगळीकडे वापरली जाते.

८. किती मिलिलिटर आहे हेही कळतं म्हणे. ते कसं?

घन अन्न दिसलं तर मोजायची गरजच नाही, पोट भरलेलं धरायचं. पाणी असेल तर अँट्रमची उंची आणि जाडी मोजतात, उजव्या कुशीवर, दोन आकुंचनांच्या मधल्या शांत क्षणी, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. त्यावरून आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निघतं. मुलांसाठीचं सूत्र २०१५ मध्ये आलं. दुर्बिणीच्या तपासणीसाठी आलेल्या मुलांची आधी सोनोग्राफी केली, मग जठरातलं पाणी प्रत्यक्ष ओढून मोजलं, आणि दोन्हींची सांगड घातली:

मिलिलिटर = (३.५ × चौरस सेंटिमीटरमधलं क्षेत्रफळ) + (०.१२७ × महिन्यांतलं वय) − ७.८

समजा मूल पाच वर्षांचं, म्हणजे ६० महिन्यांचं, वजन १८ किलो. अँट्रम २ बाय २.५ सेंटिमीटर. क्षेत्रफळ सुमारे ३.९. सूत्रात घातलं की साधारण १३.६ मिलिलिटर, म्हणजे किलोमागे ०.७५. हे उपाशी मुलाचं नेहमीचं पाणी. त्याच मुलाचा अँट्रम ३ बाय ३.२ निघाला तर उत्तर २६ मिलिलिटरच्या आसपास, किलोमागे जवळजवळ १.५. मुलांसाठी बहुतेक जण १.२५ किंवा १.५ ही रेघ धरतात, तेव्हा हे मूल रेघेवर आलं. मापात दोन-तीन मिलिमीटरची चूक सहज होते, म्हणून रेघेवरच्या मुलाला मी भरलेल्या पोटाचं धरते. दशांश चिन्हावर विसंबून भूल देत नाहीत.

९. आजीने वॉर्डात पेढा दिला. आता काय?

हे खरंच घडलेलं. हर्नियाचा पाच वर्षांचा मुलगा, साडेदहाचा नंबर. थिएटरच्या दाराशी मी त्याला उचललं तर तोंडाला वेलचीचा वास. 'काय खाल्लंस रे?' तर तो खुशीत म्हणाला, 'आजीनं देवाचा खाऊ दिला.' आजी सकाळीच देवळात जाऊन आल्या होत्या, नातवाचं ऑपरेशन म्हणून. पडद्यावर अँट्रममध्ये पांढुरका रवाळ ऐवज दिसत होता. पेढा सव्वानऊला दिला होता, तेव्हा त्याला यादीत शेवटी नेलं. मधल्या वेळात पाणी दिलं, दुपारी पुन्हा स्कॅन केला, बैलाचा डोळा दिसला, आणि साडेतीनच्या सुमारास हर्नियाचं ऑपरेशन झालं. आजी तोवर कोपऱ्यात मान खाली घालून बसल्या होत्या; त्यांना कोणी आधी नीट सांगितलंच नव्हतं. सगळ्या सूचना आई-बाबांना दिल्या होत्या. तेव्हापासून मी 'घरात अजून कोण कोण आहे?' हे विचारते आणि त्यांनाही बोलावून घेते.

तेव्हा उत्तर: लगेच सांगा. लाज वाटून घेऊ नका, आणि 'एवढासा तुकडा' म्हणून गप्प बसू नका. रागावणं आमच्या कामात नाही. काय केलं जाईल ते प्रश्न १० मध्ये.

१०. पोट भरलेलं निघालं तर ऑपरेशन रद्द होतं का?

थांबता येण्यासारखं असेल तर पुढे ढकलतात, बहुधा त्याच दिवशी काही तासांनी. थांबता येत नसेल (पिळलेला वृषण, फुटलेलं ॲपेंडिक्स, हाताचा रक्तपुरवठा अडवणारं मोडलेलं हाड) तर भरलेल्या पोटाची म्हणून वेगळी तयारी करून भूल दिली जाते. शिरेतून झटपट औषध, स्नायू सैल करणारं इंजेक्शन आणि श्वासनळीत लगेच नळी, जिच्या टोकाला फुगा असतो. पाणी असेल तर नाकातून नळी घालून ते आधी ओढून काढतात. पेढा किंवा पोळीचे तुकडे त्या बारीक नळीतून येत नाहीत.

मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये एक फरक आहे. श्वास थांबला की त्यांचा ऑक्सिजन फार पटकन उतरतो. म्हणून नळी घालेपर्यंत हलक्या हाताने मास्कवर थोडा श्वास देत राहतात.

११. सोनोग्राफी आहे तर मुलाला उपाशी ठेवायचीच काय गरज? नाश्ता देते, पोट रिकामं झालं की न्या.

कल्पना आवडली, पण नाही. ठरलेल्या ऑपरेशनात उपाशी ठेवण्याची जागा सोनोग्राफी घेत नाही. एक तर वरच्या प्रश्नांतल्यासारखं चित्र नेहमीच स्वच्छ मिळत नाही. दुसरं, थिएटरची यादी तुमच्या पोह्यांच्या पचनावर चालवता येत नाही.

१२. उलटं झालंय. मुलगा रात्रीपासून उपाशी, दुपारचा एक वाजला, अजून नंबर नाही. पाणी मागतोय.

विचारा. जाऊन सिस्टरना आणि भूलतज्ज्ञांना विचारा, आणि पुन्हा विचारा. कागदावर दोन तास लिहिलेले असतात, प्रत्यक्षात मूल दहा-बारा तास कोरडं राहतं, कारण फाइलवर 'एनबीएम' (तोंडाने काहीही द्यायचं नाही) लिहिलं की ते खोडायला कोणी फिरकत नाही. तहानलेलं मूल चिडतं, शीर सापडत नाही, भूल चढताना रक्तदाब उतरतो, आणि अगदी लहान बाळांची साखर खाली जाते. यादी तासाभराने पुढे सरकली असेल तर किती वाजेपर्यंत पाणी चालेल हे आम्ही सांगू शकतो. आम्हाला प्रश्न विचारला की राग येतो असं समजू नका. आलाच तर तो आमचा प्रश्न.

आणि इथेच सोनोग्राफीचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग आहे. एखादं मूल चुकून दीड तासापूर्वी ग्लासभर पाणी प्यायलं म्हणून पूर्वी सगळी वेळ पुढे जायची, आणि ते आणखी उपाशी राहायचं. आता बघून ठरवता येतं.

१३. झाडावरून पडून कोपर मोडलं. जेवण अपघाताच्या अर्धा तास आधी झालं होतं, त्याला आता आठ तास झाले. मग पोट रिकामंच ना?

तसं धरता येत नाही. दुखापत, भीती आणि वेदना यांनी जठराचं काम मंदावतं, आणि वेदनाशामक म्हणून दिलेलं मॉर्फिनसारखं औषध ते आणखी मंदावतं. म्हणून अशा मुलांमध्ये जेवण आणि *अपघात* यांच्यातलं अंतर जास्त महत्त्वाचं, जेवण आणि ऑपरेशन यांच्यातलं नव्हे. अर्ध्या तासात जेवण पुढे सरकलेलं नसतं. आठ तासांनीही पडद्यावर वरणभात दिसू शकतो. मला दिसलेला आहे. उलट काही मुलांचं पोट स्वच्छ निघतं आणि विनाकारण रात्रभर ताटकळणं वाचतं. सोनोग्राफीचा खरा मान इथेच आहे, ठरलेल्या ऑपरेशनांपेक्षा कितीतरी जास्त.

१४. सहा आठवड्यांच्या बाळाला फवाऱ्यासारख्या उलट्या होतात. पोटाची सोनोग्राफी एकदा झाली, आता भूलतज्ज्ञ पुन्हा का करतायत?

पहिली सोनोग्राफी निदानासाठी होती. जठराच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट अडली आहे का, हे रेडिओलॉजिस्टने पाहिलं: स्नायूची जाडी साधारण ३ मिलिमीटरच्या वर आणि त्या भागाची लांबी १५ मिलिमीटरच्या वर गेली की पायलोरिक स्टेनोसिस म्हणतात. दुसरी सोनोग्राफी भुलीसाठी आहे. वाट अडलेली असल्याने अशा बाळाचं पोट कितीही तास उपाशी ठेवलं तरी रिकामं होईलच असं नाही. तोंडातून नळी घालून, बाळाला उताणं, उजव्या, डाव्या कुशीवर वळवत पोट ओढून काढतात आणि मग खरंच रिकामं झालं का हे पडद्यावर बघतात. हे ऑपरेशन घाईचं नसतं, बरं का. आधी सलाइनने बाळाचे क्षार ठीक करायचे, मग टेबल.

१५. अंगावरचं दूध आणि पावडरचं दूध यांच्या वेळा वेगळ्या का? आणि गुटी?

आईच्या दुधाचा फाटल्यावर होणारा चोथा मऊ आणि बारीक, तो लवकर पुढे सरकतो. गाई-म्हशीच्या दुधात केसीन जास्त, गुठळी घट्ट होते आणि रेंगाळते. पावडरचं दूध दोन्हींच्या मधलं. पडद्यावर हा फरक खरंच दिसतो. आईच्या दुधात गाईचं दूध किंवा पावडर मिसळली असेल तर वेळ जास्तवाल्याची धरा. बाळगुटी उगाळून दिलेली असेल तर ती कशात उगाळली, पाण्यात की दुधात की मधात, तेही सांगा.

१६. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर रक्त आलं आणि पुन्हा थिएटरमध्ये नेतायत. सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

खाल्लं नसलं तरी पोट भरलेलं असू शकतं, रक्ताने. मूल रक्त थुंकत नाही, गिळतं. इथे सोनोग्राफीत वेळ घालवायचा की नाही हे रक्तस्रावाच्या वेगावर ठरतं. मी तरी जोरात रक्त येणाऱ्या मुलात ती करत नाही, थेट प्रश्न १० मधली तयारी करते.

१७. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, पोटावरच्या नळीने अन्न देतो. तीच वेळ पाळायची का?

भूलतज्ज्ञांशी वेगळं बोला. अशा मुलांमध्ये अन्न वर येण्याचा त्रास जास्त असतो आणि काहींचं जठर मंद असतं. नळीतून देतो ते पातळ दिसलं तरी ते जेवणच, प्रश्न ४ ची कसोटी त्याला लागू आहे. सोनोग्राफी करता येते, मात्र नळी ज्या जागी आत जाते तिथे प्रोब ठेवायला अडचण होते आणि जठर पोटाच्या भिंतीला शिवलेलं असल्याने आकारही बदललेला असतो. मिलिलिटरचं सूत्र तिथे वापरत नाही.

१८. वजन कमी करायचं किंवा मधुमेहाचं आठवड्याचं इंजेक्शन चालू आहे. सांगायला हवं का?

हो, न चुकता. सेमाग्लुटाइडसारखी औषधं जठर रिकामं व्हायला उशीर लावतात. किशोरवयीन मुलांमध्ये आता ती दिसू लागली आहेत. नियमाप्रमाणे उपाशी राहिलेल्या रुग्णाच्या पोटातही घन अन्न सापडतं, आणि ते सोनोग्राफीशिवाय कळत नाही. शेवटचा डोस कधी घेतला ते लिहून आणा. इंजेक्शन थांबवायचं की नाही हे स्वतःहून ठरवू नका.

१९. सोनोग्राफी रेडिओलॉजिस्टनेच करायची असते ना? आमच्या तालुक्याच्या गावी होते का?

ही तपासणी भूलतज्ज्ञ स्वतः, टेबलाशेजारी करतो. निर्णय त्यालाच त्या क्षणी घ्यायचा असतो. पण आपल्याकडे एक गोष्ट समजून घ्या. गर्भलिंगनिदानबंदीच्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, मग ते यंत्र फक्त मुलांच्या हातातली नस शोधायला का असेना. असा कायदा देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानेच केला होता. या नोंदणीमुळे यंत्र पिशवीत घालून या रुग्णालयातून त्या रुग्णालयात नेता येत नाही. थिएटरबाहेर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी पाहून एका आजोबांनी मला विचारलं होतं, 'मुलग्याच्या पोटात काय बघणार मग?' गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीसाठी या कायद्याखाली जो फॉर्म 'एफ' भरतात, तो मात्र मुलांसाठी भरावा लागत नाही.

लहान गावात यंत्र नसेल तर घाबरू नका. सोनोग्राफी नसताना शंका असेल तर पोट भरलेलं धरून भूल देणं, हा जुना मार्ग आजही सुरक्षित आहे.

२०. (शिकणाऱ्या डॉक्टरांकडून) कोणता प्रोब? किती स्कॅन केल्यावर हात बसतो?

लहान मुलांना लिनिअर, जास्त वारंवारतेचा. साधारण चाळीस किलोच्या पुढे वक्र, कमी वारंवारतेचा. टोरांटोतल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांवर, पोटात काय आहे एवढंच ओळखायला, सुमारे ३३ स्कॅननंतर ९५ टक्के यश अपेक्षित धरलं होतं. मुलांच्या वळवळीमुळे मी त्यात आणखी काही मिळवेन. सुरुवात उपाशी मुलांवर नको. स्वतःच्या मित्राला रिकाम्या पोटी बघा, मग पाणी पाजून बघा, मग वडापाव खाऊ घालून बघा. एका दुपारीत तिन्ही चित्रं डोक्यात बसतात, आणि मित्रही तक्रार करत नाही.

महाधमनीची पातळी सोडू नका. अँट्रमऐवजी आडवं आतडं मोजणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. स्नायूचं जाड काळं कडं दिसलं नाही तर तो अँट्रम नाही असंच धरा.

२१. कोणत्या मुलात या तपासणीवर विसंबू नये?

जठरावर आधी ऑपरेशन झालेलं, अन्ननलिकेशी जठर गुंडाळून शिवलेलं, छातीत जठर सरकलेलं मूल. हवेने गच्च फुगलेलं पोट. आणि जिथे चित्र मिळालंच नाही. 'दिसलं नाही' आणि 'रिकामं दिसलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नोंदीत त्या वेगळ्याच लिहा. चित्र नाही म्हणजे पोट भरलेलं.

२२. सोनोग्राफीत रिकामं दिसलं आणि तरी भुलीत उलटी झाली, असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. आतड्याला पीळ किंवा अडथळा असेल तर जठर आत्ता रिकामं आणि दहा मिनिटांनी आतड्यातून हिरवं पाणी परत भरलेलं, असं होतं. म्हणून अशा मुलात रिकामा अँट्रम पाहूनही आम्ही भरलेल्या पोटाचीच तयारी करतो. भूल हलकी असताना घशात काही घातलं तरी मूल ओकतं. स्कॅन हा एका क्षणाचा फोटो आहे. माझ्या उजव्या हाताशी, उशीच्या कडेखाली, सक्शनची नळी चालू करून ठेवलेली असते. तिचा सूं-सूं आवाज ऐकून मुलं विचारतात, 'हे काय?' मी सांगते, बेडूक.